वेगाचं पहिलं अंगण

मुलांनो, भन्नाट वेगानं गाडी पळवायला तुमच्यापैकी किती जणांना आवडेल? खरं सांगा हं! आई-बाबा शेजारी बसून हेच पान वाचत असतील, तरी हात वर करायला हरकत नाही. माझाही हात वर आहे.

मी कोपरगावच्या एका शाळेत शिकवतो. कोपरगाव म्हणजे पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं गोदावरीकाठचं गाव. बेटातलं शुक्राचार्यांचं देऊळ, राघोबादादांचा वाडा, चहूकडे उसाचे मळे आणि साखर कारखाने. इथून नगर-मनमाड रस्ता जातो. या रस्त्यावर काय नसतं? उसाच्या ट्रॉल्या, कांद्याचे ट्रक, एस.टी., शिर्डीला निघालेल्या मोटारी आणि कडेकडेनं पालखी घेऊन चालणारे भाविक.

मागच्या उन्हाळ्यात, नववीची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी, माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी या रस्त्यावर मोटारसायकलींची शर्यत लावली. एक गाडी काकाची, दुसरी शेजाऱ्याची. लायसन्स काढायचं वय दोघांचंही नाही. एका वळणावर पुढच्याची गाडी घसरली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. आणि गाडी फरफटत गेली ती पायी निघालेल्या एका आजोबांच्या अगदी हातभर अंतरावरून. ते वाचले, एवढंच.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. त्याची आई डोळे पुसत म्हणाली, ‘‘सर, तुम्हीच सांगा आता याला. आमचं काही ऐकत नाही.’’

मी मास्तर माणूस! लगेच बोलायला लागलो. पोरानं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, ‘‘सर, चूक झाली, कबूल. पण वेगात गाडी चालवावीशी वाटणं हीच चूक आहे का? आणि ती चूक नसेल, तर आम्ही पळवायची तरी कुठं?’’

मला उत्तर देता आलं नाही. ‘‘आधी बरा हो,’’ म्हणून मी उठलो.

मे महिन्यात मी ताईकडे लंडनला गेलो. खिशात पासपोर्ट होता आणि डोक्यात तो प्रश्न. माझा भाचा चौदा वर्षांचा. मराठी छान बोलतो, मधूनच इंग्रजीची फोडणी देतो. त्याला मी ही गोष्ट सांगितली. तो एकदम म्हणाला, ‘‘मामा, उद्या तुला एक जागा दाखवतो. तुझ्या त्या मुलाचा प्रश्न इथल्या लोकांनाही पडला होता. शंभर वर्षांपूर्वी!’’

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉटर्लू स्टेशनवर गाडीत बसलो आणि वेब्रिज नावाच्या गावी उतरलो. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातलं हे गाव. हिरवीगार झाडी, मधून वे नावाची लहानशी नदी. ही नदी पाहून मला आपली गोदावरी आठवली, पण पावसाळ्यातली नव्हे बरं का, उन्हाळ्यातली!

या गावाजवळच्या जागेचं नाव ब्रुकलँड्स.

भिंत की रस्ता?

आत शिरून थोडं चालल्यावर भाचा थांबला. ‘‘मामा, वर बघ.’’

समोर काळपट पडलेल्या सिमेंटचं काहीतरी अवाढव्य उभं होतं. भिंत म्हणावी तर सरळ उभी नाही, रस्ता म्हणावा तर आडवा नाही. धरणाच्या बांधासारखं तिरपं आणि परातीच्या काठासारखं वळत गेलेलं. सिमेंटच्या फटींतून गवत उगवलेलं. उंची सुमारे नऊ मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी! मी थोडं वर चढून पाहिलं. दहा पावलांतच पोटऱ्या भरून आल्या.

‘‘यावरून मोटारी जायच्या?’’ मी विचारलं.

‘‘अगदी वरच्या कडेवरून! आणि खाली पडायच्या नाहीत.’’

का पडायच्या नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ पाहिलाय ना? त्यातला मोटारसायकलवाला आधी तळाशी तिरप्या फळ्यांवर वेग घेतो आणि मग भिंतीवर चढतो. वळणावर गाडीला सरळच जायचं असतं. सपाट रस्त्यावर तिला आत वळवून धरायचं सगळं काम टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर येऊन पडतं. वेग फार वाढला की ते घर्षण अपुरं पडतं आणि गाडी बाहेर फेकली जाते. पण रस्ताच आतल्या बाजूला कलता केला, तर? तर रस्तासुद्धा गाडीला आत ढकलतो आणि टायरचं ओझं हलकं होतं.

मला आमच्या पोराची गाडी आठवली. ती सपाट वळणावरच घसरली होती.

एका घरमालकाचं वेड

आता गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

मोटारी नव्या नव्या निघाल्या, तेव्हा त्यांच्या शर्यती साध्या रस्त्यांवरच व्हायच्या. १९०३ साली मे महिन्यात पॅरिस ते माद्रिद अशी मोठी शर्यत निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रचंड गर्दी. धुरळ्यानं पुढचं दिसेना. मोटारी झाडांवर आदळल्या, माणसांत घुसल्या. चालक मेले, बघायला आलेलेही मेले. मोटारींचा प्रसिद्ध कारखानदार मार्सेल रेनो याच शर्यतीत गेला. शेवटी फ्रान्सच्या सरकारनं बोर्दो शहरातच शर्यत बंद पाडली. मोटारींची इंजिनंसुद्धा चालू करू दिली नाहीत, घोडे जुंपून त्या रेल्वे स्टेशनावर नेल्या, असं सांगतात.

इंग्लंडमध्ये तर रस्त्यावर शर्यतीला परवानगीच नव्हती. तिथं कायद्यानं मोटारीचा वेग ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर इतकाच ठेवला होता. आपली लाल एस.टी. याहून जोरात जाते! रस्त्यावरच्या माणसांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण मोटारी बनवणाऱ्यांची पंचाईत झाली. गाडी किती पळते, कुठं कमी पडते, हे तपासायचं कुठं?

म्हणजे बघा, हाच तो प्रश्न. ‘‘पळवायची तरी कुठं?’’

वेब्रिजला ह्यू लॉक किंग नावाचा एक श्रीमंत जमीनमालक राहायचा. १९०५ साली तो बायकोला घेऊन इटलीत ब्रेशिया इथली शर्यत बघायला गेला. तिथं एकही ब्रिटिश मोटार नव्हती. का, म्हणून त्यानं चौकशी केली. कारण एकच : सरावाला जागाच नाही. घरी आल्यावर त्यानं ठरवलं, जागा मी देतो. माझ्याच जमिनीवर मोटारींसाठी ट्रॅक बांधतो.

सुरुवातीला बेत साधा, सपाट ट्रॅकचा होता. पण तोफखान्यातले कर्नल होल्डन यांनी आराखडा काढला आणि सांगितलं, मोटारी खऱ्या वेगानं पळायच्या असतील, तर वळणं तिरपी आणि उंच हवीत. झालं! खर्च कुठल्या कुठे गेला. दीड हजारांवर मजूर कामाला लागले. झाडं तोडली, मातीचे डोंगर हलवले, वे नदीवर ट्रॅकसाठी पूल बांधला. सुमारे दोन लाख टन काँक्रीट लागलं. ट्रॅकची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर आणि रुंदी ३० मीटर! आणि हे सगळं वर्षाच्या आत!

योगायोग बघा. साधारण याच काळात आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीवर बंधारा बांधायचं काम चाललं होतं. त्याच बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी आमच्या कोपरगावच्या माळाला पाणी दिलं आणि पुढे ऊस आला. तिकडे माती उपसून शर्यतीचा ट्रॅक होत होता, इकडे कालवा.

खर्च दीड लाख पौंडांपर्यंत गेला. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. काळजीनं लॉक किंगची तब्येत ढासळली. काम अर्धवट राहणार असं वाटत असताना पुढे आली ती त्याची बायको, एथेल. तिनं माहेरच्या माणसांकडून पैसे उभे केले, हिशेब हातात घेतले आणि काम पुरं करून घेतलं. १७ जून १९०७ या दिवशी ट्रॅकचं उद्घाटन झालं. मोटारींची मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढच्या मोटारीचं चाक कुणाच्या हातात होतं, सांगा बरं? एथेलच्याच! तिरप्या वळणांचा, खास मोटारींसाठी बांधलेला जगातला हा पहिला ट्रॅक.

लाल कंदिलांची रात्र

उद्घाटनाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोवर सेल्विन एज नावाचा एक गृहस्थ नेपियर मोटार घेऊन आला. म्हणाला, मी एकटा चोवीस तास गाडी चालवणार. ताशी ६० मैलांच्या वर! इतका वेळ, इतक्या वेगात माणूस टिकेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता.

ट्रॅकवर दिवे नव्हते. म्हणून आतल्या कडेनं शेकडो लाल कंदील मांडले आणि वरच्या कडेला मशालींसारखे दिवे लावले. २८ जूनच्या संध्याकाळी गाडी निघाली. सोबतीला आणखी दोन मोटारी होत्या. पण त्यांचे चालक आळीपाळीनं बदलत होते. एज मात्र एकटाच. उघडी मोटार, तोंडावर वारा, रात्रभर डोळ्यांपुढे लाल ठिपक्यांची माळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो थांबला, तेव्हा १,५८१ मैल, म्हणजे सुमारे २,५४४ किलोमीटर झाले होते. सरासरी वेग ताशी १०६ किलोमीटर!

आठच दिवसांनी, ६ जुलैला, पहिल्या शर्यती झाल्या. गंमत म्हणजे मोटारींची शर्यत कशी घ्यायची, हे तिथं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती घोड्यांची शर्यत. म्हणून सगळे नियम तिथून उचलले. चालकांनी जॉकींसारखे रंगीबेरंगी डगले घातले. कोणती गाडी कुणाची, हे डगल्याच्या रंगावरून ओळखायचं. मोटारी उभ्या करायच्या जागेला ‘पॅडॉक’ हे घोड्यांच्या शर्यतीतलंच नाव. आजही मोटार शर्यतीत हाच शब्द चालतो.

‘‘मग घोडा कुठं होता?’’ मी भाच्याला विचारलं.

‘‘बॉनेटखाली, मामा. हॉर्सपॉवर!’’

पुढच्या वर्षी, १९०८ साली, इथं बायकांची एक शर्यत झाली. म्युरिएल थॉम्पसन जिंकली आणि एथेल दुसरी आली. पण त्यानंतर कित्येक वर्षं बायकांना इथं शर्यतीत उतरूच दिलं नाही. ज्या बाईनं ट्रॅक पुरा करून घेतला, तिलाच! भाचा म्हणाला, ‘‘दॅट्स नॉट फेअर.’’ मी म्हटलं, ‘‘अगदी बरोबर, पण मराठीत सांग.’’ तो म्हणाला, ‘‘हा शुद्ध अन्याय आहे.’’

शेजाऱ्यांची तक्रार आणि तडे गेलेलं काँक्रीट

तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट सुफळ संपूर्ण. पण नाही.

एजच्या चोवीस तासांत आसपासच्या लोकांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेजारी कोर्टात गेले. शेवटी तडजोड झाली आणि रात्री मोटारी पळवणं बंद झालं. म्हणून पुढे १९२९ साली चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली, तेव्हा ती दोन दिवसांत बारा-बारा तास अशी वाटून घ्यावी लागली. मधल्या रात्री मोटारी कुलपात! तेव्हा रस्त्यावरून शर्यत हलवली, तरी माणसं काही कुठं जात नाहीत. त्यांचा विचार करावाच लागतो.

दुसरी अडचण जमिनीची. इतक्या उंच चढावर डांबर घालणं त्या वेळी जमण्यासारखं नव्हतं, म्हणून काँक्रीट टाकलं होतं. पण ते भरावाच्या मातीवर. माती हळूहळू दबली, काँक्रीट खचलं, तडे गेले. दर हिवाळ्यात डागडुजी करावी लागायची. मोटारी उंचवट्यांवरून अक्षरशः हवेत उडायच्या. हे कळायला कोपरगावच्या माणसाला इंजिनिअर व्हायला नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि रस्त्याची तीच गत करते.

तिसरी गोष्ट मात्र भाच्यानं हळू आवाजात सांगितली. पर्सी लँबर्ट नावाचा एक चालक होता. १५ फेब्रुवारी १९१३ ला त्यानं याच ट्रॅकवर एका तासात १०३ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर अंतर कापलं. तासात शंभर मैलांची वेस ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. पुढे त्याचा विक्रम दुसऱ्यानं मोडला. लँबर्टचं लग्न ठरलं होतं. ‘हा शेवटचा प्रयत्न, मग शर्यत बंद,’ असा शब्द त्यानं होणाऱ्या बायकोला दिला होता. ३१ ऑक्टोबर १९१३ ला तो पुन्हा ट्रॅकवर उतरला. मागचा टायर फुटला आणि लँबर्ट गेला.

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. ट्रॅक बांधला म्हणून वेग काही गरीब गाय होत नाही. फरक एवढाच, की लँबर्टनं जोखीम पत्करली ती स्वतःच्या जिवावर. शिर्डीला पायी निघालेल्या कुणा आजोबांना त्यात ओढलं नाही.

ट्रॅकवरून विमानं, धावपट्टीवर मोटारी

ब्रुकलँड्सच्या मधल्या मोकळ्या जागेत लवकरच विमानं आली. १९०८ साली ए. व्ही. रो नावाच्या तरुणानं इथल्या एका शेडमध्ये स्वतःचं विमान जुळवलं. पुढे विमानांचे कारखानेच उभे राहिले. मोटारींची चढाओढही चालूच होती. १९२६ साली ब्रिटनची पहिली ग्रँड प्रिक्स शर्यत इथं झाली. १९३५ साली जॉन कॉबनं नेपियर-रेल्टन मोटारीतून ताशी २३० किलोमीटरच्या वर फेरी मारली. ती मोटार आजही इथल्या संग्रहालयात आहे. मी तिच्याजवळ उभा राहिलो, तर चाकच माझ्या कमरेला लागलं!

१९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि शर्यती थांबल्या त्या कायमच्या. इथं लढाऊ विमानं बनू लागली. कारखान्यांसाठी ट्रॅक ठिकठिकाणी तोडला. युद्धानंतर ही जागा विमानाच्या कंपनीला विकली गेली. उरलेल्या भागात १९९१ साली संग्रहालय उघडलं.

आपल्या देशात मात्र बरोबर उलटं झालं. चेन्नईजवळ शोलावरमला महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी होती. १९५० नंतरच्या दशकात तिच्यावर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. तिकडे ट्रॅकवर विमानं आली, इकडे धावपट्टीवर मोटारी! पुढे चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईला १९९० साली खास शर्यतीचा ट्रॅक तयार झाला, २००३ साली कोइमतूरला कारी स्पीडवे आणि २०११ साली दिल्लीजवळ बुद्ध सर्किट. तिथं २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. म्हणजे ‘पळवायची कुठं?’ या प्रश्नाची उत्तरं आपल्याकडेही शोधली गेली आहेत.

शाळेच्या मैदानावर

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा काठी टेकत वर्गात आला. मधल्या सुट्टीत मी त्याला ब्रुकलँड्सचे फोटो दाखवले आणि म्हटलं, ‘‘तुझं उत्तर आणलंय. वेग आवडणं ही चूक नाही. पण वेगाला वेगळं अंगण लागतं. आणि ते अंगण कुणीतरी कष्टानं तयार करावं लागतं.’’

तो बराच वेळ तिरप्या वळणाचा फोटो बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, सायकलींसाठी करायचं का? आपल्या मैदानावर?’’

आणि मुलांनो, आम्ही केलं! साडेचार किलोमीटरचा नाही, दोनशे मीटरचा. फक्कीनं रेघा ओढल्या. वळणांवर मुलांनी माती टाकून हातभर उंच, तिरपा बांध घातला. पहिल्याच पावसात त्याचा चिखल झाला! दोन सायकली रुतल्या. सगळे हसले. तो मात्र हसला नाही. म्हणाला, ‘‘काळी माती नाही चालणार. मुरूम लागेल.’’ शेतकऱ्याचं पोर ते! एका पालकांनी ट्रॉलीभर मुरूम आणून टाकला. मुलांनी पाणी मारून, धुमसानं ठोकून तो बसवला.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर शर्यत झाली. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, मुलींच्या फेऱ्याही मुलांइतक्याच. दोरीच्या बाहेर आई-बाबा उभे. त्याला अजून सायकलवर बसायची परवानगी नव्हती. म्हणून तो खुर्चीवर बसला होता, एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात घड्याळ. प्रत्येक फेरीची वेळ तोच लिहीत होता.

संध्याकाळी दोरी गुंडाळताना तो माझ्याजवळ आला. म्हणाला, ‘‘सर, त्या आजोबांचं गाव माहीत असतं ना, तर मी त्यांना बोलावलं असतं.’’

‘‘कशाला रे?’’

‘‘बघायला,’’ तो म्हणाला. ‘‘आता आम्ही कुठं पळवतो ते.’’